यादीतली रायफल

"मॅडम, पैसा आल्यापासून आमचे हे झोपतच नाहीत."

बेलापुरात समुपदेशनाला बसलं की हे ऐकावंच लागतं. 1970 मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली, भातशेती आणि मिठागरं गेली, पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. असा भूखंड बिल्डरकडे गेला की मोठी रक्कम एकदम दारात येते.

या बाई उलव्याकडच्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नवरा रात्री दोनदा उठून कपाट तपासायचा. भावाशी अबोला. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली नाही, म्हणून तिला गणपतीला बोलावणं नाही. बाई म्हणाल्या, "देवळाला देऊन टाकू सगळा. पण घर पहिल्यासारखं होऊ दे."

मला अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेकच्या 'द पर्ल'मधली हुआना आठवली. 1947 ची ही छोटीशी कादंबरी. नवऱ्याला, किनोला, सापडलेला मोती ती समुद्रात फेकायला निघते आणि त्याचा मार खाते. शेवटी मोती समुद्रातच जातो, पण तोवर त्यांचं बाळ गेलेलं असतं. 'पैसा वाईट' एवढंच त्यातून घेणं मला पटत नाही. मला अडवते ती किनोची यादी. चर्चमध्ये लग्न, नवे कपडे, हार्पून (मासे मारायचा भाला), मुलाची शाळा. साध्या माणसाच्या साध्या इच्छा. आणि त्यांच्यातच एक रायफल.

तिसऱ्या भेटीला नवरा आला. मुकाट, गाडीची किल्ली बोटावर फिरवत. मी कागद पुढे केला. "दादा, पैसे आले त्या दिवशी जे जे मनात आलं, ते त्याच क्रमाने लिहा."

आईचा मोतीबिंदू. मुलीची नर्सिंगची फी. गच्चीची गळती. कॅमेरा.

"कॅमेरा लागला?"

"दुसऱ्याच आठवड्यात."

"कुठे?"

जरा थांबून म्हणाले, "भावाच्या दाराकडे तोंड करून."

"आणि आईचं ऑपरेशन?"

किल्ली फिरायची थांबली. "राहिलंय."

मी पुढे काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाची जीभ फार वळवळते, ती आवरायची. यादीतलं जे झालंय त्यावर खूण करायला मात्र सांगितलं. हक्कसोडपत्राचं वकिलांकडे सोपवलं, ते माझं काम नव्हे.

महिन्याने बाई एकट्याच आल्या. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. कॅमेऱ्याचं तोंड आता रस्त्याकडे होतं. दीर हॉस्पिटलात डबा घेऊन आले होते म्हणे. बोलले फक्त आईशी.