छापलेले सेन्सर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सातपूर) : आम्ही स्क्रीन प्रिंटिंग करतो, मशीनच्या पॅनेलचे स्टिकर वगैरे. ईसीजीची चिकटवायची इलेक्ट्रोड त्याच टेबलावर छापता येतील का?

उत्तर : येतील. जाळी, स्क्विजी (शाई ओढायची रबरी पट्टी), पॉलिएस्टर फिल्म सगळं तेच. बदलते ती शाई. चांदीत सिल्व्हर क्लोराइड मिसळलेली शाई लागते. शरीरात वीज आयन वाहून नेतात, तारेत इलेक्ट्रॉन. क्लोराइडमुळे ही अदलाबदल सुरळीत होते आणि आलेख वरखाली तरंगत नाही. शाई वाळवायच्या भट्टीत फिल्म आकसते, म्हणून छपाईआधीच ती एकदा तापवून घ्या. नाहीतर दुसरा थर पहिल्यावर बरोबर बसणार नाही. नाशिकरोडला १९२५ पासून सरकारी मुद्रणालय आहे, छपाईची नजर या गावात मुरलेली आहे. पण या कामात नजर पुरत नाही. प्रत्येक बॅचचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरवर मोजावाच लागतो. विकायचं ठरलं तर मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ नुसार परवाना घ्या.

प्रश्न (निफाड) : एकाच बोटातून लागोपाठ शुगर तपासली. आधी १६८, मग १८२. ग्लुकोमीटर बिघडला का?

उत्तर : नाही. स्ट्रिपवर छापलेल्या कार्बनच्या रेघा आणि त्यावरचं साखर ओळखणारं एन्झाइम दर वेळी तंतोतंत सारखं उतरत नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरचं वाचन १५ टक्के इकडेतिकडे चालतं. तुमचा फरक त्यात बसतो. खरी भीती वेगळी. बागेत द्राक्षं खुडून तसंच बोट टोचलंत तर सालीवरचा रस रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि आकडा भलताच चढतो. हात साबणाने धुवा, स्पिरिटच्या बोळ्यावर विसंबू नका. स्ट्रिपची डबीही लगेच बंद करा. पावसाळी दमट हवेत एन्झाइम खराब होतं.

प्रश्न (गंगापूर रोड) : दंडावर चिकटवलेल्या, सतत साखर मोजणाऱ्या पॅचचा आकडा बोटाच्या तपासणीशी जुळत नाही.

उत्तर : पॅच रक्त मोजत नाही, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो. ती रक्ताच्या काही मिनिटं मागे असते. जेवणानंतर तफावत दिसणारच. हातपाय थरथरत असतील आणि पॅच ‘ठीक’ म्हणत असेल, तर बोट टोचून बघा.

प्रश्न (सिडको, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी) : श्वास मोजायला वीजवाहक शाईची रेघ छापलेला, ताणला जाणारा पट्टा केला. वाचन हळूहळू सरकत जातं.

उत्तर : ताणामुळे शाईत बारीक भेगा पडतात, पट्टा सैल सोडल्यावर रोध पूर्ववत होत नाही. सरळ रेघेऐवजी नागमोडी छापा. आणि रोधाचा आकडा धरून बसू नका. मिनिटाला चढउतार किती झाले तेवढे मोजा, श्वासांची संख्या त्यातून मिळते.