वाटाण्यासारखी दिसते, पण वाटाणा नाही

प्रश्न : वाफ्यात न पेरता एक वेल उगवलीय. पानांच्या टोकाला ताणे, फुलं जांभळट गुलाबी, आणि फुलं यायच्या आधीपासून तिच्यावर मुंग्यांची ये-जा चालूय. हा रानवाटाणा आहे का? शेंगा खाल्ल्या तर चालतील?

उत्तर : फोटो बघितला. ही व्हेच आहे, व्हिसिया सटायव्हा. वाटाण्याच्याच कुळातली, पण मूळची भूमध्य समुद्राच्या आसपासची, तिथून चारा म्हणून, हिरवळीचं खत म्हणून आणि कधी नुसती धान्याच्या बियाण्यात मिसळून उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया असं करत बऱ्याच ठिकाणी गेली आणि तिथलीच होऊन बसली. एका वर्षातच तिचं सगळं आटोपतं, उगवली, फुलली, बी टाकलं की वाळली.

ओळखायचं कसं, तर देठ खोडाला जिथं चिकटतो तिथं बघा. वाटाण्याला तिथं पानापेक्षाही मोठी दिसणारी दोन उपपानं असतात, व्हेचची मात्र बारीक, दातेरी, आणि त्यांच्या खालच्या बाजूला एक काळपट ठिपका असतो. तुमच्या मुंग्या त्या ठिपक्यासाठीच येतात, कारण तिथनं गोड रस पाझरतो, फुलाशी त्याचा काही संबंध नाही. मुंग्यांमुळे पानं खाणाऱ्या किड्यांनाही थोडा चाप बसतो, म्हणजे राखणदारीचा पगारच म्हणा ना. बाकी फुलं पानाच्या बगलेत एक किंवा दोन, जवळजवळ बिनदेठाची. लांब दांडीवर एकाच बाजूला फुलांचा घोस दिसला तर ती हिची केसाळ बहीण, व्हिसिया व्हिलोसा.

खाण्याचं म्हणाल तर अजिबात नको. बियांत सायनोअॅलनिन नावाचं द्रव्य असतं, ते मज्जासंस्थेला घातक. आणि फसायला होतं बरं का, 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या एका वाणाची केशरी डाळ मसूर डाळ म्हणून परदेशात विकली जात होती, त्यावरून बराच गदारोळ झाला.

पण लगेच उपटून फेकू नका. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, त्यामुळे फुलं यायला लागली की कापून तिथंच मातीत गाडा. शेंगा काळ्या पडेपर्यंत मात्र थांबू नका, वाळलेली शेंग पीळ खाऊन फटकन फुटते, बिया लांब उडतात आणि त्यातल्या कडक सालीच्या बिया काही वर्षं मातीत तशाच पडून राहून मग उगवतात.