पोराच्या कामाला हात लावू नकोस

पोरी,

काल फोनवर मी नुसतं हं हं करत राहिलो, तुला वाईट वाटलं असेल. पण तेव्हा बोललो असतो तर चिडून बोललो असतो, म्हणून गप्प बसलो आणि आज लिहितोय. तू विचारलंस, सर, राजहंसगडाचं मॉडेल करायचंय, थर्माकोल किती जाडीचा घेऊ आणि तटाला कुठला रंग बरा दिसेल. मग जरा वेळानं म्हणालीस, पोरांनी केलेलं वाकडंतिकडं होतंय, एचएम (मुख्याध्यापक) म्हणतात असलं क्लस्टरला, आसपासच्या शाळांच्या प्रदर्शनाला, न्यायचं नाही, म्हणून मीच रात्री बसून करते, पण मग शाळेत मी नेमकं करतेय काय तेच कळेना झालंय.

थर्माकोलचं मी काही सांगणार नाही. दुसऱ्या गोष्टीचं सांगतो आणि ते एका ओळीत मावतं: पोराच्या कामाला हात लावायचा नाही. पुढं जे काय लिहीन ते याच ओळीभोवती फिरणार आहे, कंटाळा आला तरी शेवटपर्यंत वाच.

तुझा पोरांवर जीव आहे, गेस्ट टीचरच्या पगारात खानापूरच्या पुढं रोज बसचे धक्के खात जातेस, ते मला दिसतं. त्याची शाबासकी द्यायला हे पत्र नाही. जीव आहे म्हणूनच तुझा हात पुढं जातो, पोराची ओळ वाकडी गेली की तुला राहवत नाही, "दे इकडं, मी दाखवते" म्हणून तू पेन्सिल घेतेस आणि ती परत त्याच्या हातात जाते तेव्हा चित्र तुझं झालेलं असतं. पोरगं काही बोलत नाही, त्याला वाटतं असंच असतं.

दिवाळीत बेळगावच्या गल्लीगल्लीत किल्ले होतात, तू पण केले असशील. विटा, दगड, फुटकी कौलं गोळा करायची, लाल मातीचा चिखल पायानं तुडवायचा, जुनी पोती त्यात बुडवून दगडांवर पसरायची, उतारावर मोहरी नाहीतर अळीव पेरायचा आणि हिरवं उगवलं की मावळे मांडायचे. चिखल पातळ झाला की बुरूज रात्रीत बसतो. मग सकाळी सगळी जमून भांडतात, कुणी म्हणतं भुसा घाल, कुणी म्हणतं शेण घाल, एकजण आजोबांना विचारून येतो, दुपारपर्यंत बुरूज परत उभा राहतो. कोणत्या मातीत काय घातलं की ती धरते हे त्या पोरांना म्हातारपणापर्यंत विसरायला होत नाही, कारण पडलेला बुरूज त्यांचा होता. तिथं मास्तर नव्हता. आता काही ठिकाणी बक्षिसापायी मोठी माणसं सिमेंट घेऊन उतरतात, किल्ला देखणा होतो, पोरांच्या वाट्याला पाणी आणून द्यायचं काम येतं. अशा किल्ल्याजवळ उभ्या पोराला विचारून बघ दरवाजा इथंच का केला म्हणून. खांदे उडवतो आणि पळतो.

मी एकदा पाचवीच्या पोरांना पाऊस मोजायला लावला होता, ते तुला कधी सांगितलं नाही वाटतं. आपल्या जिल्ह्यात पावसाची मजा अशी की कणकुंबी-जांबोटीकडं जून-जुलैत दिवसरात्र कोसळतो आणि तिकडं अथणी-रायबागकडं ढग नुसते दिसून जातात. म्हटलं हे पुस्तकात वाचण्यापेक्षा मोजू दे. हवामान खातं रोज सकाळी साडेआठला आकडा घेतं, आपण पण साडेआठलाच घ्यायचा एवढं मी सांगितलं, बाकी साधन तुमचं तुम्ही करा. एका पोरानं अरुंद बाटली घेतली आणि घरातलं रॉकेलचं नरसाळं वर बसवलं. दुसऱ्या दोघींनी सरळ उभ्या कडांचा रिकामा पत्र्याचा डबा आणला आणि आत पट्टी उभी केली. दोन्ही शाळेच्या कौलांपासून लांब, मोकळ्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी बघतात तर बाटलीतलं पाणी डब्यापेक्षा चौपट वर! तो पोरगा खूश, माझ्याकडं जास्त पाऊस पडालाय म्हणून नाचतोय, पोरी म्हणतात एकाच अंगणात असं कसं होईल, तू रात्री पाणी ओतलास.

मला कारण माहीत होतं. जीभ शिवशिवत होती. नरसाळ्याचं तोंड बाटलीच्या दुप्पट रुंद, म्हणजे पाणी गोळा करणारी जागा चौपट, म्हणून बाटलीत पाणी चौपट चढलं, फळ्यावर पाच मिनिटात समजावून सांगता आलं असतं. सांगितलं नाही. ती पोरं कितीतरी दिवस भांडली, बाटल्या बदलल्या, नरसाळी बदलली, एकीनं नरसाळ्याचं तोंड वहीवर उलटं ठेवून पेन्सिलनं गिरवलं, त्यात बाटलीचा गोल गिरवला आणि दोन्हीतले चौकोन मोजत बसली. मोजून झाल्यावर ती काहीच बोलली नाही, वही उचलून त्या पोराच्या नाकासमोर धरली. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग त्यानं आपलं नरसाळं काढून टाकलं. पुढं एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी आपणहून शाळेच्या अंगणावर किती घागरी पडल्या त्याचा हिशेब काढला. एवढ्यात माझं काम काय होतं सांगू? डबा कुत्र्यानं पाडू नये म्हणून दगड ठेवायचे, रोज साडेआठला हजर राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. शेवटचं सगळ्यात अवघड.

आणि मातीचं घे. प्रतिभा कारंजीत, म्हणजे शाळांच्या त्या सरकारी कलास्पर्धांत, मातीकामाची स्पर्धा असते, आपली माणसं काय करतात, आदल्या आठवड्यात पोराकडून एकच गणपती पुन्हापुन्हा घोटून घेतात, सोंड कशी वळवायची ते त्याचा हात धरून. खानापूरची माती मातीकामाला नावाजलेली, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था खानापुरात आहे, आणि आपण पोरांना रंगीत क्लेची पाकिटं विकत आणून देतो! माती दे त्यांच्या हातात. कप करू देत. कान निखळणार, निखळू दे. ओल्या कपाला सुकत आलेला कान चिकटवला तर दोन्ही वेगवेगळी आकसतात आणि जोडावर फट पडते, जोडायच्या दोन्ही जागा काडीनं खरवडून मध्ये पातळ चिखल भरला तर धरते, जाडजूड बूड आणि पातळ काठ असला की काठ आधी सुकून तडकतो, उन्हात ठेवलं तर सगळंच तडकतं. हे तू बोलून दाखवलंस तर एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडतील. तीन कप फुटले की चौथ्या वेळी पोरगं आपणहून कप सावलीत ठेवायला घेऊन जाईल, आणि तेव्हा तू मागून जाऊन "शाब्बास, आता ओलं फडकं टाक" असं पण म्हणू नकोस. थांब. त्याला फडकं सुचतं का बघ.

तू म्हणशील सर, वेळ कुठाय, एफए-एसएच्या परीक्षा आहेत, ऑनलाइन माहिती भरायची आहे, वर दोन इयत्ता एका खोलीत. ठाऊक आहे गं मला. चाळीस पोरांचे चाळीस चार्ट करायला लावतेस ना, बेळगावच्या बाजारातून आणलेली चित्रं कापून चिकटवलेले? ते बंद कर, तेवढा वेळ मोकळा झाला. महिन्यातला एक शनिवार दप्तराविना दिलाय सरकारनं, नव्या शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सांगितलेत. त्या शनिवारी तू काय केलंस ते काल सांगितलंस, नाचाची प्रॅक्टिस. असो.

आणि हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. आपल्याच कर्नाटकात १९९५ साली म्हैसूरकडच्या एच. डी. कोटे तालुक्यात नली-कली, म्हणजे आनंदानं शिकायची पद्धत, सुरू झालं, तिथले शिक्षक आंध्रात ऋषी व्हॅलीच्या खेड्यातल्या शाळा बघून आले आणि आपल्या वर्गात कार्डं, गट, पायरीपायरीनं शिकायची शिडी असं बसवलं, मग ते राज्यभर पसरलं, मराठी शाळेत पण आलं. त्या वर्गात भिंतीच्या खालच्या अंगाला पोरांच्या उंचीचा काळा पट्टा असतो त्यांना लिहायला, आणि डोक्यावर दोऱ्यांचं जाळं, पोरांनी केलेलं लटकवायला. सगळ्यांचं लटकवायचं, चांगलं-वाईट निवडायचं नाही. तुझ्या शाळेत ते जाळं आहे. गेल्या खेपेला आलो तेव्हा त्याला छापील ताऱ्यांच्या माळा लटकत होत्या. मी बघितलं आणि काही बोललो नाही, आता बोलतोय, उतरव त्या.

माझ्याबद्दल काय बोलतात ते तुझ्या कानावर आलं असेलच. हा मास्तर काही करत नाही, पोरांकडून माती तुडवून घेतो आणि आपण खुर्ची टाकून बसतो. याच्या काळात शाळेला एक ढाल आली नाही. एका शाळेत तर एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, मीटिंगमध्ये एक पालक उभे राहून म्हणाले, दुसऱ्या गावची पोरं जिल्ह्याला जातात, आमची का जात नाहीत, मास्तरांनी जरा हात लावला असता तर काय बिघडलं असतं. मी तेव्हा जे म्हटलं तेच आज म्हणेन, हात लावला असता तर ढाल माझी असती, पोराची कशी? या हट्टापायी दोन-तीन चांगल्या सहकाऱ्यांशी बोलणं तुटलं, ते परत जुळलं नाही, त्यातले एक तर आता राहिले नाहीत. त्याचं वाईट वाटतं मला, रात्री कधीकधी जास्तच वाटतं. पण हट्टाचं वाटत नाही. त्या पाऊस मोजणाऱ्यांतली चौकोन मोजणारी पोरगी दहावीपर्यंत आपल्या वहीत रोजचा आकडा लिहीत राहिली, कुणी सांगितलं नव्हतं, मार्क नव्हते. मला ढालीपेक्षा ती वही मोठी वाटते, आणि हे मी मनाची समजूत घालायला म्हणत नाही.

वाईट एका गोष्टीचं फार वाटतं, ते म्हणजे हस्तलिखितं. वर्षाला एक निघायचं, पोरंच लिहायची, पोरंच शिवायची, मुखपृष्ठावरून मारामाऱ्या. मी त्यात शुद्धलेखनाची लाल रेघ कधी ओढली नाही. "पाऊस पडालता आणि आमी शेतात रोप लावालतो" असं पोर लिहायचं आणि ते तसंच जायचं, परीक्षेच्या वहीत मी दुरुस्त करायचो, तिथं नाही. एका वर्षी एका मुलीनं नट्टीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसाचं असं लिहिलं होतं, चिखलात पाय किती खोल जातो, बांधावर भाकरी कुणी सोडली, आजी कन्नडातून काय ओरडली, ती आजीची ओळ तिनं कन्नड लिपीतच लिहिली होती. एवढं नीट मी अजून कुणाचं वाचलं नाही. त्यातलं आता काही शिल्लक नाही, शाळेची खोली बदलली तेव्हा कपाटासकट गेलं. तू प्रत्येक अंकाचे फोटो काढून ठेव, मोबाईल आहे तुझ्याकडं, आमच्याकडं नव्हता.

हात लावायचा कुठं तेही सांगतो, नाहीतर उद्या काहीतरी होईल आणि माझं नाव सांगशील. ब्लेड, आग, वीज, विहिरीचा काठ, इथं हात घालायचा, तो पण आधी, मागून नाही. ज्याची बोटं चालत नाहीत त्याला धरायला कागद लागतो, तो धरायचा, पण रेघ त्याची. आणि ज्याच्या घरात रंगाची पेटी येऊच शकत नाही त्याला ती गुपचूप मिळेल असं बघायचं. एवढंच. आईबापांना पण हेच सांग. इन्स्पायरला, सरकारच्या त्या विज्ञान-कल्पनांच्या योजनेत, निवड झाली की पोराच्या खात्यावर दहा हजार येतात म्हणून कल्पना मामानं लिहायची आणि मॉडेल काकानं करायचं हे मी डोळ्यांनी बघितलंय, तुझ्या शाळेत होऊ देऊ नकोस.

आता क्लस्टरचं. तू रात्री केलेला तो अर्धा किल्ला शाळेत नेऊ नकोस. पोरांना आधी राजहंसगडावर नेऊन आण, येळ्ळूरहून चढ फार नाही, वर गेल्यावर काही समजावू नकोस, वह्या दे आणि फिरू दे, बुरुजावरून बेळगाव कुठं दिसतं, पाणी कुठं साठवलं असेल हे त्यांना शोधू दे, सिद्धेश्वराच्या देवळाशी बसून डबे खाऊ दे. मग माती, दगड, पोती समोर टाक आणि बाजूला हो. एचएमना माझं नाव सांग, म्हणावं सरांनी सांगितलंय, बक्षीस नाही मिळालं तर माझ्याशी बोला. परीक्षक आले की तू स्टॉलजवळ थांबायचं नाहीस, पोरांना बोलू दे, अडखळली तरी पुढं जायचं नाही. मला माहीत आहे तुझ्या पोटात गोळा येईल, माझ्या यायचा. तरी जायचं नाही.

मातीचं मात्र आत्ताच बघ. ओळखीच्या कुंभाराकडून दोन पोती घेऊन ठेव, खडे काढून, कुटून, चाळून भिजत घाल, आठवडाभर तरी मुरली पाहिजे. भिजवायला पोरांनाच लाव, आणि सुट्टीत कुणाला तरी वर ओलं पोतं टाकायची पाळी लावून दे नाहीतर दगड होईल. प्रदर्शनाची तारीख कळली की कळव, मी येतो.

तुझे सर