वाचकांचे प्रश्न : गांजाचे संकरित वाण आणि त्यांची तीव्रता

प्रश्न : एका वाणाच्या वर्णनात ‘संकरित, 70 टक्के इंडिका, 30 टक्के सॅटिव्हा, अतितीव्र’ असे वाचले. या आकड्यांना वनस्पतिशास्त्राचा काही आधार आहे का?

उत्तर : फारसा नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने 1753 मध्ये गांजाच्या वनस्पतीला कॅनॅबिस सॅटिव्हा हे नाव दिले, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने युरोपात धाग्यासाठी लावली जाणारी झाडे होती. पुढे 1785 मध्ये फ्रेंच निसर्गतज्ज्ञ लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांच्या आधारे, त्यांच्या मादक गुणाचा उल्लेख करून, कॅनॅबिस इंडिका ही निराळी जाती मानली. आज बाजारात हेच दोन शब्द वेगळ्याच अर्थाने फिरत आहेत. अफगाणिस्तान व हिंदुकुशच्या परिसरातून आलेले बुटके, रुंद पानांचे आणि लवकर फुलणारे झाड म्हणजे इंडिका, आणि उष्ण प्रदेशातले उंच, अरुंद पानांचे, उशिरा फुलणारे झाड म्हणजे सॅटिव्हा, हा लागवड करणाऱ्यांचा सोयीचा संकेत आहे. जातींचे शास्त्रीय वर्गीकरण नव्हे.

या दोन प्रकारांचा संकर 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात पद्धतशीरपणे सुरू झाला. ‘स्कंक’ या नावाने गाजलेले वाण कोलंबिया व मेक्सिकोतली उंच झाडे आणि अफगाणी बुटके झाड यांच्या मीलनातून तयार झाले. अफगाणी झाडाचा आटोपशीर बांधा व लवकर येणारा फुलोरा आणि उंच झाडांचा रासायनिक गुण एकाच झाडात आणणे, हा त्यामागचा हेतू होता. त्यानंतर संकरांचेच इतके संकर झाले, की आज विकले जाणारे जवळपास प्रत्येक वाण संकरित आहे आणि ‘संकरित’ या विशेषणाने वेगळे काही कळत नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात गांजाचे 81 आणि हेंपचे (धाग्यासाठी व बियांसाठी लावल्या जाणाऱ्या, मादक नसलेल्या झाडांचे) 43 नमुने तपासले गेले. विक्रेत्यांनी सांगितलेला वंश आणि प्रत्यक्ष जनुकीय रचना यांचा मेळ त्यात बेताचाच बसला. एकाच नावाने विकले जाणारे नमुनेही अनेकदा परस्परांपेक्षा भलत्याच नावाच्या वाणाशी अधिक जवळचे निघाले. तेव्हा 70 आणि 30 हे आकडे जाहिरातीचे समजावेत.

प्रश्न : मग एखादे वाण तीव्र आणि दुसरे सौम्य, हे नेमके कशामुळे ठरते?

उत्तर : मुख्यतः वंशामुळे. मादी फुलांवर आणि त्यांच्या लगतच्या लहान पानांवर टाचणीच्या डोक्यासारख्या ग्रंथी असतात आणि त्यांत राळ साठते. या राळेत आधी सीबीजीए नावाचे आम्ल तयार होते. एक एन्झाइम त्याचे रूपांतर टीएचसीए या आम्लात करते (यातूनच टीएचसी हे मादक द्रव्य बनते), तर दुसरे एन्झाइम त्याच कच्च्या मालापासून सीबीडीए बनवते (यातून सीबीडी हे धुंदी न आणणारे द्रव्य मिळते). झाडात यांपैकी कोणते एन्झाइम कार्यक्षम आहे, ते जनुके ठरवतात. निव्वळ टीएचसी देणाऱ्या झाडाचा निव्वळ सीबीडी देणाऱ्या झाडाशी संकर केला, की पहिल्या पिढीतल्या सर्व झाडांत दोन्ही द्रव्ये आढळतात. दुसऱ्या पिढीत मात्र टीएचसीची, मिश्र आणि सीबीडीची झाडे साधारण 1:2:1 या प्रमाणात वेगळी होतात. मेंडेलच्या वाटाण्यांची आठवण करून देणारा हा प्रयोग 2003 मध्ये प्रसिद्ध झाला आणि माझ्या मते या वनस्पतीविषयीच्या संशोधनातला तो सर्वांत देखणा प्रयोग आहे.

एक बाब बहुतेकांना ठाऊक नसते. ताज्या फुलात मादक टीएचसी अगदी थोडे असते. उष्णतेने टीएचसीएमधून कार्बन डायऑक्साइड निघून गेला, की ते तयार होते. टीएचसीची रचना 1964 मध्ये इस्रायलमधील राफाएल मेशूलम व येहिएल गाओनी यांनी निश्चित केली.

प्रश्न : अशा वाणाचे बी पेरले तर झाड मूळ झाडासारखेच तीव्र होईल का? प्रकाश वा खत वाढवून तीव्रता वाढते का? (हे विचारणारी अनेक पत्रे आली आहेत.)

उत्तर : बहुतेक देशांत परवान्याशिवाय अशी लागवड हा गुन्हा आहे आणि जिथे मुभा आहे तिथेही सहसा झाडांच्या संख्येवर मर्यादा असते. त्यामुळे हे उत्तर समजून घेण्यापुरते आहे; लागवडीची कृती मी देणार नाही.

संकरित झाडाच्या बियांतून उगवणारी भावंडे उंचीत, गंधात आणि राळेच्या प्रमाणात एकमेकांपासून बरीच वेगळी निघू शकतात. शिवाय नर व मादी फुले सहसा वेगवेगळ्या झाडांवर येतात आणि परागण वाऱ्याने होते, त्यामुळे पित्याची खात्री देता येत नाही. म्हणूनच परवानाधारक उत्पादक एक पारखलेले मादी झाड राखून त्याच्या छाट कलमांवर भर देतात. मादी फुलात बी धरले, की झाडाची शक्ती बियांकडे वळते आणि राळ घटते. नर झाडे वेळीच काढून टाकण्याची जुनी पद्धत त्यातूनच आली.

फुलोऱ्याचे वेळापत्रक रात्रीच्या लांबीवर अवलंबून असते, कारण ही वनस्पती लहान दिवसांत फुलणारी आहे. अपवाद रुडरॅलिस या प्रकाराचा. यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1924 मध्ये त्याचे वर्णन केले. तो दिवसाच्या लांबीची वाट न पाहता वयानुसार फुलतो, आणि आपोआप फुलणारी अलीकडची वाणे त्याच्याच संकरातून आली आहेत.

आता प्रकाशाविषयी. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रकाशाची तीव्रता वाढवल्यावर फुलांचे वजन वाढत गेले, पण टीएचसीची टक्केवारी वाढली नाही. अतिनील किरणांनी टीएचसी वाढते, हा समज 1987 च्या एका अभ्यासावर उभा आहे. आधुनिक वाणांवरच्या अलीकडच्या प्रयोगांत तसा लाभ दिसलेला नाही. वंशाने घालून दिलेली कमाल मर्यादा मशागतीने ओलांडता येत नाही, मात्र वाईट मशागतीने झाड तिच्या बरेच खाली राहू शकते. घट्ट, दाट फुलोऱ्याच्या संकरित वाणांत दमट हवेमुळे करडी बुरशी शिरते. तिचा विचार हौशी मंडळी सर्वांत कमी करतात.

प्रश्न : लेबलवर ‘टीएचसी 30 टक्के’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ काय, आणि पूर्वीच्या गांजापेक्षा हे खरोखर वेगळे आहे का?

उत्तर : प्रथम तो आकडा टीएचसीएचा आहे की एकूण टीएचसीचा, हे पाहावे लागते. कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर वजन घटते, म्हणून टीएचसीएच्या आकड्याला 0.877 ने गुणतात. 30 टक्के टीएचसीएतून फार तर सुमारे 26 टक्के टीएचसी मिळते.

फरक मात्र खरा आहे. अमेरिकेत जप्त केलेल्या नमुन्यांत टीएचसीचे सरासरी प्रमाण 1995 मध्ये सुमारे 4 टक्के होते, ते 2014 मध्ये सुमारे 12 टक्क्यांवर गेले. त्याच काळात सीबीडी घटत गेल्याने टीएचसीचे त्याच्याशी असलेले गुणोत्तर 14 पटींवरून जवळजवळ 80 पटींवर पोहोचले. हा निवडीचा परिणाम आहे : प्रत्येक पिढीत टीएचसी अधिक देणारे झाड राखले, की सीबीडीचा जनुक मागे पडत जातो. प्रामुख्याने युरोपातल्या रुग्णांवर आधारलेल्या 2019 च्या एका अभ्यासात, 10 टक्के वा त्याहून अधिक टीएचसीचा गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ पाचपट आढळली. असा अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाही. तरीही किशोरवयीनांनी आणि ज्यांच्या कुटुंबात अशा आजाराचा इतिहास आहे त्यांनी या वाणांपासून दूर राहावे, असेच मी सांगेन.