ड्रमात काळं पाणी, अळ्या आणि घाण वास: कल्चर वाढवू नका, सुका पाला वाढवा

तुमच्या वर्णनातली प्रत्येक खूण ओळखीची आहे. कंपोस्ट करायला झाकणाचा उभा प्लास्टिकचा ड्रम, त्यात रोज किलोभर ओला कचरा, वरून दोन मुठी पाला नि चमचाभर कल्चर (कुजवणाऱ्या जिवाणूंचं विकतचं विरजण), आणि आता तळाशी काळं पाणी, पांढऱ्या अळ्या, झाकण उघडलं की तोंड फिरवायला लावणारा वास. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: चुना टाकू का, कल्चर दुप्पट करू का, की सगळं फेकून देऊ? तिन्हींना उत्तर 'नाही'. तुकडे बारीक करणं, प्लास्टिक वेगळं काढणं वगैरे तुम्ही करताच, त्यात शिरत नाही.

अडलंय ते पाण्यावर. वास, अळ्या, चिखल हे सगळं त्याच्या मागोमाग आलंय.

भाज्यांची देठं, फळांची सालं, उरलंसुरलं अन्न यांच्या वजनात साधारण ८० टक्के पाणीच असतं. कंपोस्टला हवी असलेली ओल ५० ते ६० टक्के. ती ६५ टक्क्यांच्या वर गेली की कणांमधल्या फटी पाण्याने भरतात, हवा आत शिरत नाही, आणि हवेवर जगणारे जिवाणू मागे पडून बिनहवेचे जिवाणू ताबा घेतात. आता हिशेब करा. १ किलो ओल्या कचऱ्यात ८०० ग्रॅम पाणी. वाळक्या पानांत १० टक्के ओल धरली, तर दोन्ही मिळून ६० टक्क्यांवर यायला ४०० ग्रॅम पानं लागतात. तुमच्या दोन मुठी म्हणजे फार तर २० ग्रॅम. गरजेचा विसावा हिस्सा!

'अर्धं ओलं, अर्धं सुकं' हा सल्ला सगळीकडे फिरतो, पण हे माप वजनाचं की आकारमानाचं, ते कुणी धडपणे सांगत नाही. सैल वाळकी पानं इतकी हलकी असतात की ४०० ग्रॅमला आठ-दहा लिटरची बादली शिगोशीग भरते. १ किलो ओला कचरा दोन-अडीच लिटरच्या डब्यात मावतो. म्हणून पानं तशीच टाकणार असाल तर ओल्याच्या चौपट, हाताने चुरून टाकणार असाल तर दीडपट ते दुप्पट, असं आकारमानाचं माप धरा. उघड्या ढिगातून बरीच वाफ निघून जाते, तिथे थोडं कमी चालतं. झाकणबंद ड्रमात वाफ झाकणाला लागून परत खालीच पडते, तिथे सवलत नाही.

कार्बन-नायट्रोजनचं गणितही (एका भाग नायट्रोजनला किती भाग कार्बन) इथेच सुटतं. ओल्या कचऱ्याचं गुणोत्तर १५ ते २० च्या आसपास, वाळक्या पानांचं बहुधा ४० ते ८०. एक किलोला ४०० ग्रॅम पानं घातली की मिश्रण ३० च्या जवळपास येतं, आणि हवं असतं २५ ते ३०. म्हणजे पाण्याचा हिशेब नीट ठेवला तर दुसरा हिशेब बहुतेक वेळा आपोआप जमतो. लाकडाचा भुसा मात्र सरसकट पानांच्या जागी वापरू नका. त्याचं गुणोत्तर कित्येक शेकड्यांत जातं, तो एकटाच घातला तर वास थांबतो पण कुजणंही मंदावतं, शिवाय बारीक भुसा दाबून बसतो आणि हवा अडवतो. पानं आणि भुसा मिसळून चालेल. प्लायवूडचा किंवा रंग, पॉलिश लागलेल्या लाकडाचा भुसा मुळीच नको. साधा तपकिरी पुठ्ठा उत्तम, चिकटपट्टी काढून तळहाताएवढे तुकडे करा. वर्तमानपत्र चालतं, फक्त चुरगाळून टाका. कागदाची सपाट पानं एकावर एक चिकटून बसतात आणि त्यांचा पापुद्रा होतो. गवताच्या ताज्या कापणीचंही तेच, आणि ती हिरवी असेपर्यंत 'ओल्या'तच मोजायची.

माझं मत थोडं टोकाचं आहे: पोतंभर सुका पाला कोरड्या जागी जमा झाल्याशिवाय ड्रम सुरूच करू नये. पानगळ वर्षभर नसते, ओला कचरा मात्र रोज असतो.

आता दुरुस्ती. फेकायचं काही नाही. हातमोजे घाला, सगळं ताडपत्रीवर उपसा आणि पाच-सात सेंटिमीटर जाडीच्या थरात सावलीत दिवसभर पसरून ठेवा. वास येईल, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. तेवढ्या वेळात रिकाम्या ड्रमाकडे बघा. तुमच्या ड्रमाला फक्त झाकणात चार भोकं आहेत असं लिहिलंय, ती पुरत नाहीत. तळापासून वरपर्यंत चहूबाजूंनी दर १०-१५ सेंटिमीटरवर ८ ते १० मिलिमीटरची भोकं पाडा, तळालाही पाडा, आतून बारीक जाळी लावा म्हणजे माश्या शिरत नाहीत. ड्रम विटांवर ठेवा आणि खाली ताटली सरकवा. मधोमध भोकं पाडलेला पाइप उभा केला तर आणखी छान, पण त्यावाचून अडत नाही.

तळाशी १० सेंटिमीटर काटक्यांचा थर द्या. बोटाएवढ्या जाड, आडव्यातिडव्या. हा थर कुजायला नसतो, पाणी खाली आणि हवा वर जायला असतो. पसरलेल्या मालात सुकं मिसळत जा आणि मधूनमधून मूठभर घेऊन जोरात आवळा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर अजून सुकं. काहीच न येता मूठ उघडताच गोळा विस्कटला तर कोरडं झालंय, पाणी शिंपडा. वजनकाट्यापेक्षा ही मूठ भरवशाची, कारण तुमचा कचरा रोज वेगळा असतो. परत भरल्यावर पहिले दोन आठवडे तीन-चार दिवसांनी खालीवर करा, नंतर आठवड्यातून एकदा पुरतं. रोज ढवळायची हौस नको, जमलेली ऊब निघून जाते.

त्यानंतर नाकावर विश्वास ठेवा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कमी पडतेय: खालीवर करा, काटक्या-पुठ्ठा घाला. नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा वास आला तर नायट्रोजन जास्त झालाय: इथे थोडा भुसा उपयोगी पडतो. चुना नको म्हणतो ते यासाठीच. चुन्याने आम्लता उतरते, पण त्याबरोबर नायट्रोजन अमोनिया होऊन हवेत जातो, म्हणजे खतातला ऐवजच उडतो. कुजायच्या सुरुवातीला मिश्रण थोडं आंबट होतंच, हवा मिळाली की ते आपलं आपण सावरतं. राखेचंही तेच, घालायचीच तर चिमूटभर.

कल्चरबद्दल जरा तिखट लिहितो. ड्रम विकणाऱ्यांच्या मदत-क्रमांकावर तुम्हाला 'मात्रा दुप्पट करा' असं सांगण्यात आलं. मुठीत पाणी किती, भोकं किती, सुकं काय टाकता, यातलं एक अक्षर विचारलं नाही! लागणारे जिवाणू सालांवर, पानांवर, मातीत आधीच बसलेले असतात. त्यांना कमी पडतेय ती हवा. बुडालेल्या ड्रमात आणखी जिवाणू ओतले तर तेही बुडणार. सुरुवातीला जुन्या कंपोस्टची किंवा बागेतल्या मातीची दोन मुठी घातली की झालं. काही कल्चरं कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) मिसळून येतात, त्यांनी फरक पडलेला दिसतो, पण त्यातलं बरंचसं श्रेय पाणी शोषणाऱ्या कोकोपीटचं. मग नुसतं कोकोपीटच घ्या की. (कुठल्या एका कंपनीवर राग नाही, आणि मी कुणी मृदाशास्त्रज्ञ नाही. तुमचा अनुभव वेगळा असेल तर जरूर सांगा.)

अळ्यांना घाबरू नका. मोठ्या, चपट्या, करड्या-तपकिरी असतील तर बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या, त्या कचरा झपाट्याने संपवतात आणि त्यांची माशी अन्नावर घोंघावत नाही. बारीक पांढऱ्या, टोकदार अळ्या घरमाशीच्या असू शकतात, त्या नकोत. दोन्हींवर उपाय एकच: ओला कचरा कधी उघडा ठेवायचा नाही, वर पाच सेंटिमीटर सुक्याचं पांघरूण. कीटकनाशक तर फवारूच नका.

एक भ्रम काढून टाका. ढीग ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापला आणि काही दिवस तसाच राहिला तर रोगजंतू आणि तणांचं बी मरतं, हे खरं. पण तेवढी ऊब धरायला साधारण १ घनमीटरचा ढीग लागतो. शंभर लिटरचा ड्रम म्हणजे त्याचा दहावा भाग, आणि तोही रोज थोडा थोडा भरलेला. तो कोमट होईल, कुजवेल, पण निर्जंतुक करणार नाही. म्हणून बी धरलेलं तण, रोगट झाडं आणि कुत्र्यामांजरांची विष्ठा त्यात जायला नको. मांस, मासे, तेलकट उरलेलंही तूर्त बाहेरच ठेवा. 'कंपोस्टेबल' छापलेल्या पिशव्या यायच्याच तर शेवटी, कारण त्यातल्या बऱ्याच मोठ्या प्रकल्पांतल्या ६० अंशांच्या आसपासच्या उष्णतेसाठी बनवलेल्या असतात. बाहेरून गवत, पेंढा किंवा शेण आणत असाल तर कुरणावर कुठलं तणनाशक मारलं होतं ते विचारा. क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड ही तणनाशकं जनावराच्या पोटातून आणि कंपोस्टमधूनही तगून निघतात, आणि पुढे टोमॅटो, शेंगवर्गीय झाडांची पानं पिळवटतात.

काळं झालं म्हणजे तयार झालं असं समजू नका, तुमचं आत्ताचंही काळंच आहे. तयार झाल्यासारखं वाटलं की ओलसर मूठभर खत घट्ट बंद पिशवीत तीन-चार दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून महिनाभर झाकून ठेवा, पावसात भिजलेल्या मातीसारखा आला तर पुढची परीक्षा. निम्मं खत, निम्मी माती करून मुळ्याच्या किंवा हळिवाच्या वीस बिया पेरा, शेजारी नुसत्या मातीत तेवढ्याच. खताच्या बाजूला उगवण स्पष्ट कमी असेल तर ते अजून कच्चं आहे. कच्चं खत मुळांजवळ घातलं की ते झाडाच्या वाट्याचा नायट्रोजन स्वतःच खातं आणि पानं पिवळी पडतात.

आणि ते तळाचं काळं पाणी 'द्रवरूप खत' म्हणून कुंड्यांना घालू नका, तसं कितीही ठिकाणी वाचलं असलं तरी. बिनहवेचं कुजलेलं ते पाणी आम्लांनी भरलेलं असतं, कोवळी मुळं जळू शकतात, आणि पालेभाजीवर तर जंतूंचीही भीती. पोत्यातल्या सुक्या पाल्यावर ओता, एक रात्र मुरू द्या आणि तो पाला ड्रममध्ये सुकं म्हणून नाही, ओलं म्हणून मोजून टाका.