भिलवडीच्या ताई, वाकळ देण्याआधी पावती बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आजीच्या चार वाकळा (जुन्या लुगड्यांच्या गोधड्या), त्यातली एक २०१९ च्या पुरात भिजलेली. त्या किती जुन्या हे कळावं, धुवाव्यात का, तशीच नवी शिवता येईल का. आणि अगदी शेवटी, सहज लिहावं तसं: 'एका कार्यालयाकडून प्रदर्शनासाठी मागणी आली आहे, द्यायला हरकत नाही ना?' बाकीच्यांनी साबणावर भरपूर लिहिलंय. मी त्या शेवटच्या ओळीपाशी अडकले. हरकत आहे. पण ते पुढे सांगते.

सुई कशी धरायची, थर कसे अंथरायचे, हे मी लिहीत नाही. भिलवडीतच साठीतली कुठलीही बाई दुपारभरात दाखवेल आणि वर चहा पाजेल.

वयाचं बघू. वाकळ तिच्यातल्या सगळ्यांत नव्या तुकड्यापेक्षा जुनी नसते, हा एकच नियम मी मानते. नऊवारीचा काठ दिसला की लोक लगेच 'शंभर वर्षांची' म्हणतात. अहो, नऊवारी नेसणाऱ्या म्हाताऱ्या आजही आहेत! दशा निघालेल्या जागेवरून दोन धागे काढा, चिमट्यात धरून पेटवा (वाकळीपासून लांब, हे वेगळं सांगायला नको). कागद जळल्याचा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सुती. केस जळल्याचा वास म्हणजे रेशीम किंवा लोकर. वितळून कडक गोळी झाली तर टेरिकॉटच्या जातीचं काहीतरी. ते आपल्याकडच्या खेड्यांत सर्रास दिसायला लागलं सत्तरच्या दशकापासून, त्यामुळे मूळ कापडातच ते असेल तर वाकळ फार मागे जात नाही.

'मूळ कापडात' म्हणाले, कारण इथेच सगळे फसतात. नंतर लावलेलं ठिगळ मोजायचं नाही. ओळखायचं कसं? वाकळीचा धावदोरा तुकड्याच्या अंगावरून सरळ पुढे गेला असेल तर तो तुकडा शिवतानाचाच. टाके नुसते तुकड्याच्या कडेने फिरले असतील आणि मधून धावदोऱ्याची ओळ गेली नसेल, तर ते मागाहून लावलेलं ठिगळ. शिवाय एखादा कोपरा उसवला असेल तर आत डोकावून बघा. जीर्ण वाकळ आत घालून वरून नवी लुगडी चढवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. आतली वाकळ वरच्या वाकळीच्या सासूच्या वयाची निघते.

तुमच्या दुसऱ्या फोटोतला लाल-पांढरा तुकडा मला इरकलीचा पदर वाटतोय. खात्री करायची तर त्यावर बोट फिरवा. इरकलीत पदराचा ताणा वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फास अडकवून जोडलेला असतो. तो जोड बोटाला लागतो. पदरावर पांढऱ्यात कंगव्याचे दाते नाहीतर जोंधळ्याची कणसं असतात. इरकल जिथली ते इळकल गाव तिकडे कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात, आणि जत-मिरजेकडच्या बायकांच्या अंगावर इरकलच, त्यामुळे सांगलीकडच्या वाकळीत ती सापडली तर नवल नाही. त्यावरून वय मात्र काढू नका.

काळे आणि गडद तपकिरी तुकडे आधी विरलेत म्हणून तुम्ही विचारलंय. जुना काळा रंग पुष्कळदा लोखंडाच्या कसावर (रंग पक्का बसवणाऱ्या द्रव्यावर) चढवलेला असायचा आणि तो कस हळूहळू सूतच खातो. शेजारचा लाल ठणठणीत आणि काळ्याचा भुगा, असं म्हणूनच होतं. त्यावर उपाय नाही. धुतलं तर उरलेलंही जाईल. वरून मलमलीचा पातळ तुकडा टाचून घ्या आणि सोडून द्या.

पुरात भिजलेलीचं: त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. त्या पाण्यात गटार, शेण, डिझेल, काय नव्हतं? नाकातोंडाला फडकं बांधून कोरड्या वाकळीतला गाळ मऊ ब्रशने झाडा, दोन्ही बाजूंनी, सावलीत. आधी पाणी लावलंत तर गाळ पुन्हा सुतात मुरेल. धुवायचीच असेल तर प्रत्येक रंगावर ओलं पांढरं फडकं दाबून बघा. एक जरी रंग उतरला तरी बेत रद्द. आणि नदीवर नेऊन धोपटायची नाही, कुणी काहीही सांगो.

आता कार्यालय.

नाव घेणार नाही, जिल्हाही सांगणार नाही. एका सरकारी कार्यालयाने प्रदर्शनासाठी आमच्या घरून तीन वाकळा नेल्या. माणसं गोड होती, पाणी पिऊन गेली, आईच्या पाया पडली. पावती दिली, त्यांच्याच छापील नमुन्यात: 'जुने कापडी साहित्य, नग ३, किंमत निरंक.' लांबी-रुंदी नाही, रंग नाही, फोटो नाही. नमुन्यात त्यासाठी रकानाच नव्हता. 'वर्णन लिहा की' म्हटलं तर उत्तर आलं, 'ताई, सरकारी काम आहे, विश्वास ठेवा.'

प्रदर्शन संपलं. वाकळा येईनात. साहेब रजेवर, मग साहेबांची बदली, मग गोदामाची किल्ली ज्याच्याकडे तो ट्रेनिंगला. शेवटी एकदाच्या मिळाल्या, गोणपाटात कोंबून, नायलॉनच्या दोरीने आवळलेल्या. दोन आमच्या. त्यांच्याही अंगावर मार्करने आकडे घातलेले, कडेला स्टेपलच्या पिना, पिनांभोवती गंजाचे डाग. तिसरी आमची नव्हतीच.

आईने घडी उलगडायच्या आधीच ओळखलं. आमच्या घरात वाकळ संपवताना शेवटच्या कोपऱ्यात चिमूटभर जोंधळे पुरचुंडीत बांधून आत शिवतात, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. आईने चारही कोपरे चाचपले आणि म्हणाली, 'ही आपली न्हाई.' हे मी टेबलापलीकडच्या क्लार्कला सांगितलं. तो हसला. 'तीन नेले, तीन दिले. नग जुळतात. उलट ही जास्त चांगली आहे की!'

लेखी तक्रार दिली. उत्तर आलं: पावतीनुसार सर्व नग परत केलेले असल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज केला. (दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर, ही वाट जरूर वापरा, फक्त तिच्याकडून फार आशा ठेवू नका.) त्यांच्या रजिस्टरची नक्कल मिळाली. त्यातही तेच: 'नग ३.' जे कागदावर कधी चढलंच नाही, ते माहितीच्या अधिकारात कुठून बाहेर येणार? पुरावा म्हणून भाच्याच्या बारशाचा फोटो नेला, त्यात पाळण्यामागे आमची वाकळ दिसते. तर म्हणे, 'अशा पुष्कळ असतात.' पुष्कळ असतात! एका बाईच्या हातचे टाके दुसरीच्या हातच्या टाक्यांसारखे पडत नाहीत, हे ज्याला माहीत नाही त्याने वाकळींचं प्रदर्शन भरवायचं.

असो. रक्तदाब वाढतो. सगळी कार्यालयं अशी नसतात, तुमचं कदाचित चांगलं असेल, आणि मी काही वकील नाही की संग्रहालयातली तज्ज्ञ नाही. पण माझं ऐकाल तर त्यांचा छापील नमुना बाजूला ठेवून पावती तुम्ही स्वतः लिहून न्या. दोन प्रती, प्रत्येक वाकळीला वेगळा कागद, त्यावर फोटो चिकटवलेला, दोन्ही प्रतींवर त्यांची सही-शिक्का. परत द्यायची तारीख. पिना, स्टेपल, मार्कर, इस्त्री चालणार नाही, हे वाक्य. आणि किंमत. 'निरंक' लिहू देऊ नका. तुम्हाला वाटेल तो आकडा टाका, पण टाका. आकडा नसलेली वस्तू हरवली तर सरकारदरबारी काहीच हरवलेलं नसतं. एवढ्याला ते तयार नसतील तर वाकळ कपाटातच बरी. फोटो न्या म्हणावं, मोठे करून लावा.

फोटो काढायचे ते मुख्यतः पाठीचे. पुढच्या बाजूला कापड दिसतं, हात दिसतो तो पाठीवर. सकाळचं तिरपं ऊन दाराशी येतं तेव्हा वाकळ उलटी पसरा, बाजूने फोटो घ्या. धावदोऱ्याची प्रत्येक ओळ उठून दिसते. ओळी कडेकडेने फिरत चौकटीत चौकट करत आत गेल्यात का, कोपऱ्यावर वळताना टाका लांबलाय का, बोटाच्या एका पेरात किती टाके बसतात, दोरा कुठे संपून दुसऱ्या रंगाचा लावलाय, गाठ वर आहे की आत लपवलीय, हे सगळं वहीत लिहा. चारही कोपऱ्यांचे टाके मोजा. एकाच बाईचे चारही कोपरे सारखे येत नाहीत: सुरुवातीला हात ताजा असतो, शेवटी कंटाळलेला. मग पाठीच्या कडेला सुती नाडीचा बोटभर तुकडा सुती दोऱ्याने टाचून त्यावर घरचं नाव घाला. चिकटपट्टी अजिबात नको.

या ओळींवरून बाजारातली फसवणूकही कळते. हल्ली ऑनलाइन 'अस्सल जुनी मराठी गोधडी' म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच बंगालकडच्या कांथा असतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ समांतर ओळींच्या. कांथा वाईट नाही, सुंदरच असते, पण मराठी म्हणून दुप्पट पैसे का द्या? विकत घ्यायचीच असेल तर आधी पाठीचा फोटो मागा. विकणारा टाळाटाळ करू लागला की समजा.

नवी शिवायची म्हणता तर आधी भांडीवालीशी ओळख करा. घरोघरची जुनी सुती लुगडी स्टीलच्या डब्यावर तिच्याकडेच जातात. (तुमच्या चारांतली एकही तिला देऊ नका, टोपलं कितीही चकचकीत असो.) आतल्या थरांत पॉलिस्टर घालू नका, घाम टिपत नाही आणि सुई घसरते. पाठीला अखंड लुगडं, दोरा सुती, मेणबत्तीवरून ओढून घेतलेला. आणि सुगी उरकून मृगाच्या आत शिवायला घ्या. एकदा पावसाळी दमटपणा आला की सूत ओढतं, वाकळ मग ताणून बसत नाही.

ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, डांबरगोळी कापडाला लागून नको. जुन्या धोतरात गुंडाळा, कडुलिंबाचा वाळका पाला पुरचुंडीत घालून बाजूला ठेवा, दिवाळीला नि मे महिन्यात घडी बदला. आमच्यासारखे जोंधळे कोपऱ्यात असतील तर दर घडीला तिथे कीड बघा. आईला आवडणार नाही हे लिहिलेलं, पण किडे तिथूनच येतात.

आणि इथल्या सगळ्यांनाच विचारते. ती तिसरी वाकळ अजून माझ्याकडे आहे, कुणाच्या तरी घरची. अर्थात आमची त्यांच्याकडे असणार. वरची बाजू सांगते: मधोमध हिरव्या खणाचा चौकोन, भोवती तांबड्या काठाचे तुकडे, एका कडेला खाकी कापडाची पट्टी. पाठ कसली आहे, दोरा कुठे बदललाय आणि एका कोपऱ्यावर काय खूण आहे, हे मुद्दाम लिहीत नाही. ते जो सांगेल त्याने येऊन घेऊन जावी. आमचीबद्दलही तसंच: कोपरा चाचपून दाणे लागले तर कळवा.