आधी पाणी बघ

प्रिय मुली,

तुझं पत्र काल रात्री वाचलं. बाबांना निवृत्तीनंतर राहायला केरळातली हाउसबोट आणायची, तर ट्रेलर केवढा लागेल, क्रेन कुठून मिळेल, वाटेत कोण अडवेल, केरळातून पुण्यापर्यंत किती दिवस लागतील, हे सगळं तू नीट विचारलं आहेस. बाबांचा प्रॉव्हिडंट फंड, आलप्पुळाचा दलाल, आईचं गप्प बसणं, तेही लिहिलंयस. पाण्याबद्दल मात्र एवढंच: "बहुतेक उजनी, नाहीतर पानशेत." बहुतेक! घर कोणत्या पाण्यावर राहणार ते ठरलेलं नाही आणि तू ट्रेलर शोधते आहेस.

निवृत्तीनंतर तरंगत्या घरात राहणं शहाणपणाचं की वेडेपणाचं, यावर मी शब्द खर्च करणार नाही. तुझ्या बाबांना ते हवंय आणि तुला ते मिळवून द्यायचंय, एवढं मला पुरे. वेडेपणा म्हणणारे तुला कर्वेनगरात जिन्याजिन्यावर भेटतील. मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि तू कंटाळलीस तरी सांगत राहणार आहे: आधी पाणी बघ. एक अख्खं वर्ष बघ, आषाढापासून ज्येष्ठापर्यंत. घराचं नंतर.

आता ती केरळातली नौका. केट्टुवल्लम, म्हणजे तिथली हाउसबोट, आंजिलीच्या लाकडाच्या फळ्या काथ्याने शिवून बांधतात, खिळा न मारता. ती वेंबनाडच्या संथ पाण्यासाठी आणि भाताची पोती वाहण्यासाठी घडलेली आहे. लाकूड भिजून फुगलेलं असतं म्हणून तिचे सांधे घट्ट बसतात. उघड्या ट्रेलरवर उन्हावाऱ्यात शेकडो किलोमीटर आली की फळ्या सुकणार, आक्रसणार, सांधे उघडणार. शिवाय रस्त्यावर साध्या वाहनाला २.६ मीटर रुंदीची मर्यादा आहे. त्याहून रुंद माल म्हणजे ओडीसीची, मापाबाहेरच्या मालाची, परवानगी, सोबत पायलट गाडी, आणि वाटेतल्या प्रत्येक तारेची, फांदीची काळजी. समुद्रातून ओढत आणायचं मनातही आणू नकोस; सपाट बुडाच्या नौकेचं उघड्या समुद्रात काही खरं नसतं. ही नौका वाईट नाही, ती दुसऱ्या पाण्याची आहे.

बाबांना उजनी का हवीय ते मला कळतं. भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी बघून आलेल्या माणसाला तिथेच राहावंसं वाटणारच. पण त्यांनी उजनी मे महिन्यात पाहिलीय का? ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) त्या धरणात निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा आहे, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळचं पाणी, आणि कित्येक उन्हाळ्यांत साठा शून्याखाली जाऊन 'उणे' टक्क्यांत मोजावा लागतो. पात्र पसरट आहे, त्यामुळे पातळी थोडी उतरली तरी काठ कुठल्या कुठे मागे सरतो. मागे राहतो तो चिखल, मग भेगाळलेली जमीन, मग लोकांची गाळपेर. पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर पाणी उतरलं की बाहेर येतं, ते बघायला गर्दी होते. तुझं घर त्याच पाण्यावर असेल तर खाली काय काय आहे याचा विचार कर: जुन्या गावाच्या भिंती, विहिरींचे काठ, तोडलेल्या झाडांचे बुंधे. पाणी उतरताना घर त्यावर एका बाजूने टेकलं की तिरकं होतं, आणि तिरकं झालेलं घर माणसाच्या ताकदीने सरळ होत नाही. वाऱ्याचंही तसंच. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा माणसं गेली. उघड्या पसरट पाण्यावर लाट उठायला वेळ लागत नाही.

पानशेतचं मी थोडक्यात सांगते. ते पाणी पुढे खडकवासल्याला येतं आणि पुणं ते पितं. त्यावर संडास-मोरी असलेलं घर ठेवायचा विचार आपल्यासारख्यांनी करायचा नाही, बस. शिवाय धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं. तिथे कायमचं राहायला तुला कोण परवानगी देणार आहे?

बाबांनी तुला हॉलंडमधल्या मासबोमेलच्या घरांचे व्हिडिओ पाठवले आहेत. छान आहेत ती घरं. पोकळ काँक्रीटच्या पायावर उभी असतात, मास नदीला पूर आला की खांबांना धरून सरळ वर येतात, साडेपाच मीटरपर्यंत. पण हा आकडा त्यांना कुठून मिळाला? नदी किती चढते ते त्यांनी आधी मोजलं, मग त्या मापाचे खांब ठोकले. बाबा व्हिडिओत घर बघतात. तू खांब बघ.

आमचं तरंगतं घर दाभोळच्या खाडीत कसं आलं ते तुला आईकडून अर्धवट कळलेलं दिसतंय, म्हणून लिहिते. आम्ही घराचा पत्रा घेण्याच्या आधी वर्षभर पाणी पाहिलं. सुटी मिळाली की एसटीने जायचं, एका तांडेलांच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, ओटीवर उतरायचं. त्यांनी मला भरती काढायला शिकवलं: तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मी जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं, पण इतकं सुंदर कोष्टक मला कुणी दिलं नव्हतं. रंगाचे पट्टे मारलेला बांबू गाळात रोवून मी उधाणाची, म्हणजे मोठ्या भरतीची, आणि भांगाची, म्हणजे लहान भरतीची, पातळी वहीत लिहीत असे. अमावास्या-पौर्णिमेला पाणी किती चढतं, अष्टमीच्या सुमारास किती कमी हलतं, ओहोटीला बुड गाळाला लागतं का, लागलं तर सपाट लागतं का. चिकट गाळ बुडाला धरून ठेवतो. भरती वर येते आणि घर उठतच नाही, ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही, तांडेलांनी सांगितली.

पावसाळ्यात आम्ही मुद्दाम गेलो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, लोकांना बोलायला सवड असते. मुख्य पात्रातून पुराचं काय काय वाहत येतं ते तेव्हा दिसलं, आणि तेव्हाच ठरलं की घर मुख्य पात्रात नाही, तिवरांच्या (खारफुटीच्या) आडच्या आतल्या फाट्यात ठेवायचं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठीला पूर होता आणि त्यात भरती. मुख्य पात्रातून ओंडके, टाक्या, सिलिंडर खाली जात होते. आमचं घर दोरांवर वर आलं आणि पाण्याबरोबर खाली बसलं. आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडची झाडं झोपवली होती तेव्हाही ते जागेवर होतं. लोक म्हणाले नशीब. मला या शब्दाचा राग येतो. ते नशीब नव्हतं, ती वही होती.

वाहतुकीचं तू विचारलंस म्हणून सांगते, पण यात तुला वाटतं तेवढं काही नाही. आमचा तराफा पोलादी, १२ मीटर लांब, ४.८ मीटर रुंद. तो भोसरीच्या शेडमध्ये उभ्या दोन भागांत बांधला, प्रत्येक २.४ मीटर रुंद, म्हणजे साध्या ट्रेलरवर मावला. प्रत्येक भागात आडव्या भिंती घालून बंद कप्पे केलेले, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे धरतात. खंबाटकी, सातारा, उंब्रज, पाटण आणि मग कुंभार्ली घाट. उंचीपेक्षा लांबीने त्रास दिला, वळणांवर. क्रेनवाल्याला "किती टनी" एवढंच विचारू नकोस. पंचवीस टनी क्रेन पंचवीस टन अगदी जवळ धरूनच उचलते, हात लांब केला की ताकद झपाट्याने कमी होते. जेटीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर आधी मोज. आणि घर पाण्यात सोडायचं ते पाणी चढत असताना. उधाणाच्या माथ्यावर कधीच नाही, कारण तेव्हा रुतलं तर पुढच्या उधाणापर्यंत पंधरा दिवस तिथेच. बघितलंस? ट्रेलरचं विचारलंस आणि उत्तर पुन्हा पाण्याशीच आलं.

वजनाचं एक गणित पाठ कर. आमच्या तराफ्याचं क्षेत्रफळ ५७.६ चौरस मीटर. तो एक सेंटिमीटर खाली बसायला गोड्या पाण्यात ५७६ किलो लागतात, खाऱ्यात थोडे जास्त. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण बाबांची पुस्तकं, लोखंडी कपाट, ग्रॅनाइटचा ओटा, पाण्याची टाकी, बॅटऱ्या, आणि गणपतीला येणारे पंधरा पाहुणे एकाच बाजूच्या कठड्याला टेकले, असं सगळं मांडून बघ. जड वस्तू खाली आणि मध्याजवळ. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेलीपेक्षा वाईट, आतलं पाणी डुलतं. टाकीत आडपडदे घाल. मैल्याची टाकी वेगळी आणि बंद, काठावर नेऊन उपसायची. तिवरांना दोर बांधायचा नाही, कायद्यानेही नाही.

नोंदणीही आत्ताच समजून घे. असं घर कायद्याला जहाजासारखं दिसतं, फ्लॅटसारखं नाही. इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ वाच, मेरीटाइम बोर्डाच्या ऑफिसात स्वतः जा. गृहकर्ज मिळणार नाही. म्हणून फ्लॅट विकायचा नाही. भाड्याने द्या, पण विकू नका. यावर माझ्याशी वाद घालू नकोस. म्हातारपणी किनाऱ्यावर परत यायची वाट उघडी असली तरच माणूस पाण्यावर निर्धास्त झोपतो.

तुझ्या काकांना कंपवात होता हे तुला माहीत आहे. आजारी माणसाला पाण्यावर नेलं, हे मी नातेवाइकांकडून फार ऐकलं. माझी थोरली जाऊ म्हणाली, "पानशेत विसरलीस का?" मी विसरलेले नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी शाळकरी होते, शनिवार पेठेत राहत होतो, आणि आमच्या घरातलं काय उरलं ते मला आठवतं. त्या दिवसानंतर आमच्या घरात पाणी म्हणजे भीती, एवढंच शिकवलं गेलं. मला ते मान्य नव्हतं आणि आजही नाही. पाण्याकडे न बघणाऱ्यालाच पाणी फसवतं. ह्यांच्यासाठी घरभर दोन्ही बाजूंनी कठडे होते, काठावर यायचा पूल ओहोटीलाही फार उतरता होणार नाही एवढा लांब ठेवला होता, डेरवणच्या हॉस्पिटलला भरतीला किती वेळ लागतो आणि ओहोटीला किती, ते वहीत लिहिलेलं होतं. पुण्यात चौथ्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली की ते आठवडाभर खाली उतरत नसत. खाडीत ते रोज दोर तपासायचे, हात थरथरत असले तरी. ते गेले तेही त्याच घरात. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे, मी त्यांना तिथे नेलं हे योग्य केलं.

खंत आहे ती निराळीच. नोकरी, मुलांची शिक्षणं, हप्ते, यात पन्नाशीत पाणी बघायला सवड झाली नाही. बघणं फुकट असतं, त्याला निवृत्तीचा मुहूर्त लागत नाही. ते वर्ष दहा वर्षं आधी झालं असतं तर ह्यांना धडधाकट अंगाने तिथे राहता आलं असतं. हे मला अजून झोंबतं. तुझ्या बाबांची दोन वर्षं नोकरी बाकी आहे ना? मग ती दोन वर्षं तुझी आहेत. दलालाच्या नादी लागून ती घालवू नकोस.

आणि आई. तिचं गप्प बसणं म्हणजे होकार समजू नकोस. तिला घराचा नकाशा दाखवून विचारलंस तर ती ओट्याबद्दल बोलेल. तिला पाण्यावर ने. दिवसभर बसू दे, ओहोटीचा वास येऊ दे, डास चावू देत, भरती लागताना बघू दे. मग विचार. नाही म्हणाली तर ते नाही ऐकायचं, बाबांनीसुद्धा.

माझ्याने आता एकटीने दोर ओढणं होत नाही म्हणून मी कोथरूडला आले, पण घर अजून तिथेच आहे, तांडेलांचा मुलगा बघतो. कोणती खाडी घ्यायची ते तुम्ही ठरवा, आमचीच घ्या असं नाही. पण शिकायला तिथे या. पंचांग उघडून पुढच्या महिन्यातली अमावास्या आणि तिच्या मागची अष्टमी बघ, दोन्ही दिवस मध्ये धरून रजा टाक. तारखा कळव, म्हणजे तो तुम्हाला जेटीवर घ्यायला येईल. टॉर्च, जुने बूट आणि कोरी वही घेऊन या.

तुझी,
काकू